होडीवरचा नंबर

एस्तान्सिया
१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

मानांग अदोर,

काल तुम्हाला तीन वेळा फोन केला. दोनदा नुसता वाजला, तिसऱ्यांदा मधेच कापला गेला. फोन आपोआप कापला जात नाही, कुणीतरी कापतं. असो. म्हणून हे पत्र सुक्या मासळीच्या बोटीवरच्या बर्टोकडे देते आहे. तो वाचणार नाही याची खात्री नाही, म्हणून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. पट्टी उचकटलेली दिसली तर कळवा, म्हणजे त्याचं बघते.

मुद्द्याचं बोलते. तुमच्या भावानं बारा वर्षांपूर्वी तो जोडी प्लॅन घेतला होता, आठवतो ना? दोन सिम, एक बिल, नवरा-बायकोनं एकमेकांशी कितीही बोलावं, फुकट. नंबरसुद्धा जुळ्या भावंडांसारखे. शेवटचा आकडा तेवढा वेगळा, रोदेलियोचा सात, माझा आठ. तर कंपनीचं पत्र आलंय. हा प्लॅन आता नव्यानं कुणाला देत नाहीत. चालू ठेवायचा असेल तर एकतीस मार्चच्या आत मालकानं स्वतः येऊन सही करायची, नाहीतर नवा प्लॅन आणि नवा नंबर घ्यायचा. आणि प्लॅन आहे त्याच्या नावावर. मी नुसती जोडीला.

बाजारातल्या दुकानात गेले. तिथे क्रिसेल म्हणून एक पोरगी बसते, नखं एवढी लांब की बटणं कशी दाबते देव जाणे. मलाही मानांग म्हणते, जशी काही मी तिची थोरली बहीण.

"मानांग, कशाला हा म्हातारा प्लॅन कवटाळून बसलाय?" ती म्हणते. "यात इंटरनेटसुद्धा नाही. नवा घ्या, मजेत सिरियली बघा."

"आणि नंबर?"

"तो बदलेल. पण त्यात काय, सगळ्यांना एक मेसेज टाकायचा, झालं काम."

सगळ्यांना टाकीन हो. पण होडीला कसा टाकू?

आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक होडीच्या अंगावर घरच्या बाईचा नंबर रंगवतात. आठ वर्षांपूर्वी इंजिन बंद पडलं आणि रोदेलियो चार दिवस वाहत वाहत मास्बाते बेटाला लागला, तेव्हा कुणा परक्या माणसानं तोच नंबर वाचून मला फोन केला होता, म्हणून जिवंत घरी आला. होडीचं नाव त्यानं ठेवलं 'दोस एर्मानोस', दोन भावंडं. म्हणजे तो आणि तुम्ही. बायको कुठे आहे त्यात? मी तेव्हाच ठणकावलं होतं, नाव तुमचं तर तुमचं, नंबर माझा राहील आणि तो मी माझ्या हातानं रंगवीन. दर वर्षी मीच रंगवला. सव्वा वर्षापूर्वी तो त्याच होडीतून गेला आणि आला नाही. ती होडी जिथे कुठे आहे तिथे माझा नंबर आहे. तो मी बंद करू? डोकं फिरलंय का माझं?

पण खरी गोष्ट पुढे आहे. क्रिसेल तिच्या पडद्यात बघत बोलून गेली, "मानांग, दुसरा नंबरही कुणीतरी वापरतंय की काय? दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यावर फोन येतोय. लागत नाही, पण कुणीतरी लावतंय. पालावानच्या बाजूनं."

कुणाचा फोन, म्हटलं, नंबर दे. तर लगेच कायदा आठवला तिला. मालकालाच सांगता येतं म्हणे!

आता मला सांगा, पालावानला माझं कोण आहे? तुम्ही. मेलेल्या माणसाला कुणी दर महिन्याला फोन लावत नाही. मग ज्या बाईनं त्याच्या नावानं मेणबत्त्या लावल्या, ती त्याला फोन का करते?

उत्तर द्या. बर्टो पुढच्या सोमवारच्या आत परत येतो.

मारिविक


१७ फेब्रुवारी, सोमवार

मानांग अदोर,

बर्टो रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "त्यांनी पत्र घेतलं, बघितलं आणि दार लावून घेतलं." दार लावून घेतलंत! खोट्या माणसालाच दार लावावं लागतं.

मी आठवडाभर हाच विचार केलाय. तुम्ही ताय्तायला राहता. तो जाळी घ्यायला वर्षातून दोनदा ताय्तायला यायचा. जाळी काय एस्तान्सियात मिळत नाहीत? अख्ख्या बेटाला आम्ही जाळी पुरवतो. आणि ती जाळीवाली विधवा, जिचं नाव काढलं की तो पाणी प्यायला उठायचा, ती तुमच्याच गल्लीत. मी त्याला विचारलं की म्हणायचा, "मारिविक, मी बहिणीला भेटायला जातो गं." बहिणीला! म्हणून मी फोन करायचे. दिवसाला तीस, चाळीस. फुकटच होते, माझं काय जात होतं? त्यानं नाही उचलला की पुन्हा. त्याचे मित्र हसायचे, म्हणायचे, तुझ्या खिशात बायको वाजतेय. हसू देत.

आणि मग तो जातो काय, वादळ येतं काय, आणि दोन महिन्यांत तुम्ही इथे येऊन नऊ दिवसांची प्रार्थना मांडता काय! ना देह, ना होडी, ना कुणाचा निरोप. माझ्याच घरात माझ्या नवऱ्याचा फोटो फुलात ठेवलात. मी मेणबत्त्या विझवल्या, तुमच्या हातातली जपमाळ हिसकावली, शेजाऱ्यांसमोर तुम्हाला घराबाहेर काढलं. हो, काढलं. माफी मागायला हे लिहीत नाही. मला तेव्हाच वाटलं होतं, हिला एवढी घाई का? बायकोनं शोधणं थांबवावं म्हणून? आता कळतंय का ते.

एक काम आहे. जाताना त्याच्या कपड्यांबरोबर त्याचं ओळखपत्रही तुम्ही नेलंत, निळ्या बिस्किटांच्या डब्यातलं. ते बर्टोकडे द्या. प्लॅन चालू ठेवायला लागतं. एवढंच काम आहे, दुसरं काही नाही.

मारिविक


२४ फेब्रुवारी, सोमवार

मानांग अदोर,

ओळखपत्र मिळालं. तुमची चिठ्ठीही मिळाली. चार ओळी लिहायला तुम्हाला सव्वा वर्ष लागलं.

"मारिविक, हे घे. मी कुणाला फोन लावत नाही. माझ्या भावाचा फोन लागत असता तर मी महिन्यातून एकदा नाही, रोज लावला असता. जाळीवालीचं तीन वर्षांपूर्वीच लग्न झालं, ती मनिलाला असते. जेवत जा."

जेवत जा म्हणे. किती वेळा वाचली ही चिठ्ठी. इतकी सरळ आहे की मला ती जास्तच वाकडी वाटते. तुम्ही इतक्या सरळ कधीपासून झालात? माझ्या लग्नात भात कच्चा राहिला हे तुम्ही अठरा वर्षं सांगत होतात.

आता खरं सांगते, कारण आता सांगून तुम्ही काही करू शकत नाही. ओळखपत्र प्लॅनसाठी नको होतं. प्लॅन चालू ठेवायला मालक हाडामांसाचा लागतो, कार्ड चालत नाही. पण सिम हरवलं असेल तर जोडीदाराला ओळखपत्र आणि लग्नाचा दाखला दाखवून दुसरं सिम मिळतं, त्याच नंबरचं. ते मी शुक्रवारी काढलं. क्रिसेलनं तीनदा विचारलं, "मानांग, महिन्याभरात बंद होणाऱ्या प्लॅनचं सिम कशाला काढताय?" मी म्हटलं, तू नखं सांभाळ.

रोदेलियोचा सात नंबर आता माझ्या जुन्या फोनमध्ये आहे. फोन पूर्ण चार्ज करून ठेवलाय. येत्या शनिवारी, एक तारखेला, तुम्ही नेहमीप्रमाणे फोन लावाल आणि या वेळी तो लागेल. उचलणार मी. बघू मग काय बोलता. हे पत्र तुम्हाला शनिवारच्या आधी मिळेल, आणि तुम्ही हुशारी करून फोन लावणार नाही, हेही मी धरून चालले आहे. नाही लावलात तरी तीच तुमची कबुली.

तो जिवंत असेल तर एवढंच सांगा त्याला, की मी घरी यायला सांगत नाही. नको येऊ दे. पण आहे की नाही, एवढं कळू दे. दुसऱ्या बाईजवळ असला तरी मला चालेल. सव्वा वर्षापूर्वी हे वाक्य माझ्या तोंडातून मेले तरी आलं नसतं.

मारिविक


१ मार्च, शनिवार

मानांग अदोर,

तुम्हाला फोन करायला घेतला आणि ठेवला. तुम्ही उचलणार नाही, आणि उचललात तर माझ्याच्यानं बोलवणार नाही. बसून वाचा. घरात कुणी असेल तर त्याला जवळ बसवा.

फोन आला. सकाळी साडेनऊला. मी मासळी उलटत होते, हात मिठाचे, तसाच उचलला. आणि मी काय म्हटलं ऐका. मी म्हटलं, "काय मानांग, सापडलात ना?"

पलीकडून एक बाई, आवाज म्हातारा, आपली भाषा मोडकीतोडकी. "अगं बाई, लागला! हॅलो? हा 'दोस एर्मानोस' होडीचा नंबर ना?"

मी विचारलं, "तुम्ही कोण? अदोरनं लावायला सांगितलं का तुम्हाला?"

"कोण अदोर? मी सालोमे. इथे ताय्तायच्या उत्तरेला आमचं छोटं बेट आहे. आमच्याकडे टॉवर नाही बाई, महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाजाराला येते तेव्हा लावते. किती महिने लावतेय. तुमची होडी आमच्याकडे आहे."

मला वाटलं ही कुणीतरी पढवलेली आहे. खरंच सांगते, तेव्हाही मला तेच वाटलं. म्हटलं, खोटं बोलताय. होडीवर माझा नंबर आहे, शेवटी आठ. तुम्ही सातवर फोन लावलाय.

"सातच आहे. माझ्याकडे कागदावर आहे."

"मग तुम्ही चुकीचा उतरवला."

"बाई," ती म्हणाली, "चुकीचा उतरवला असता तर होडीची घरवाली फोनवर आली असती का?"

मानांग, मी तशीच मिठाच्या हातांनी खाली बसले.

मग मी विचारलं, होडीत कुणी होतं का? ती म्हणाली, "बाई, तुम्ही बसून ऐका." मी समजले, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी तिला फसवायला बघितलं. म्हटलं, त्याच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती का?

"उजव्या नाही," ती म्हणाली. "डाव्या हाताची."

लहानपणी इंजिनाच्या पट्ट्यात गेलेली. तुम्हीच फडक्यात बांधून त्याला दवाखान्यात नेला होतात.

तो होडीत होता, मानांग. वादळानंतर दहाव्या दिवशी होडी त्यांच्या खडकाला लागली. त्यानं नायलॉनच्या दोरीनं स्वतःला बाकाला बांधून घेतलं होतं, लाटेनं ओढून नेऊ नये म्हणून. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. खिशात कागद नव्हता. फोन होता, पण खाऱ्या पाण्यानं मेलेला. त्यांनी तालुक्याला कळवलं, पण त्या महिन्यात कुठकुठल्या होड्या बेपत्ता होत्या, आणि 'दोस एर्मानोस' नावाच्या पन्नास असतील. दोन दिवस वाट बघितली आणि मग पुरलं. त्यांच्या देवळामागे, सालोमेच्या सासऱ्याच्या शेजारी. पाद्री वर्षातून दोनदा येतो, तेव्हा तो त्याच्यासाठी प्रार्थना म्हणतो, 'होडीवाल्यासाठी' म्हणून. होडी वर ओढून ठेवली आहे. घरच्यांनी सांगितल्याशिवाय परक्याच्या होडीच्या फळ्या काढायच्या नाहीत, म्हणून कुणी हात लावलेला नाही.

आता त्या साताचं ऐका. मी दिवसभर तेच करतेय. तो गेला त्या वर्षी होडी रंगवायच्या आदल्या रात्री आम्ही भांडलो होतो, त्याच जाळीवालीवरून. सकाळी मी रागात ब्रश घेतला. आपला स्वतःचा नंबर माणूस कधी लावतो का? मी बारा वर्षांत एकदाही आठ लावला नाही. सातच लावला, दिवसाला चाळीस वेळा, तो कुठे आहे बघायला. माझ्या हाताला तोच येत होता. हातानं तोच लिहिला.

सव्वा वर्ष मी आठ जपत बसले होते. ती बिचारी बाई त्याच्याच खिशातल्या मेलेल्या फोनला फोन लावत होती. आणि मी तुम्हाला चोर म्हणत होते.

मारिविक


४ मार्च, मंगळवार
बर्टोच्या बोटीवर

मानांग अदोर,

हे पत्र आणि शनिवारचं पत्र, दोन्ही तुमच्या हातात एकदमच पडतील. आधी ते वाचा, मग हे. चुकीचं आधी उघडलं असेल तर थांबा आणि ते घ्या.

रविवारी देवळातून येताना नोंग इस्को भेटले. त्यांची होडी आमच्या शेजारीच ओढलेली असायची. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता म्हटलं की एवढ्या जणांची ये-जा असते किनाऱ्यावर, एकाच्याही लक्षात आलं नाही का हो? ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"त्याच्या लक्षात आलं होतं, मारिविक. निघताना बघितलं त्यानं. मला दाखवलं, हसला. मी म्हटलं, अरे मग सांग तिला, दोन मिनिटांचं काम आहे. तर म्हणाला, राहू दे. आत्ता सांगितलं तर म्हणेल, तूच माझा आठ पुसून तुझा सात केलास, कुणाचे फोन यायला हवेत तुला? पुन्हा रात्रभर सुरू होईल. परत आलो की मीच गुपचूप आठ करीन."

मानांग, मी तेच म्हटलं असतं. अगदी त्याच शब्दांत म्हटलं असतं. त्यानं मला बरोबर ओळखलं होतं. एका आकड्याचं सांगायला नवऱ्याला भीती वाटावी, अशी बायको होते मी. वादळानं नेलं त्याला, ते मी आणलं नव्हतं, हे मला कळतं. पण सव्वा वर्ष तो परक्यांच्यात बिननावाचा पडून राहिला, ते माझ्यामुळे. माझ्या संशयामुळे. हे तुम्ही मला म्हणायच्या आधी मीच लिहून देते.

काल सकाळी दुकानात गेले. क्रिसेलनं खुर्ची दिली. तिला वाटलं, मी अखेर शहाणी झाले. "नवा घेताय ना, मानांग? बघा, मी म्हणत नव्हते!" फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, जुना प्लॅन बंद करण्याचं कारण. ती स्वतःच म्हणाली, "काय लिहू? जास्त इंटरनेट हवं म्हणून लिहिते, सगळे तेच लिहितात."

मी म्हटलं, "लिही, नवरा वारला."

तोंडातून पहिल्यांदा बाहेर आलं. घरात एकटीनंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. त्या पोरीनं हात काढून घेतले बटणांवरून, आणि मग उठून पलीकडून आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रांगेतली माणसं थांबली. दोन्ही नंबर बंद केले. नवा घेतला, सगळ्यात स्वस्तातला. क्रिसेलच्याच फोनवरून सालोमेला निरोप ठेवला, आणि ती नशिबानं अजून बाजारात होती, मुलीकडे मुक्कामाला राहिलेली, तिनं लगेच उलट फोन केला.

मग दुपारी बर्टोला म्हटलं, या खेपेला पत्राबरोबर मीही येते. तो म्हणाला, "त्या दार लावून घेतील हां." मी म्हटलं, लावू देत, तू दाराखालून सरकव.

तर बर्टो आता तुमच्या दारात आहे आणि मी खाली धक्क्यावर आहे, बर्फाच्या पेट्यांजवळ. वर येत नाही. तुमच्या घरात पाऊल टाकायचा हक्क मी माझ्या घरातून तुम्हाला काढलं त्या दिवशी घालवला. सालोमेचा जावई उद्या पहाटे त्याच्या कबरीकडे न्यायला होडी घेऊन येणार आहे. प्रार्थना मला नीट म्हणता येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे, मधेच अडते मी. त्याच्यासाठी ती अडखळत म्हणायची नाही मला.

सालोमेनं फोनवर विचारलं, किती जण येणार, त्याप्रमाणे भात टाकते. मी तुम्हाला न विचारताच सांगून टाकलं. दोघी, म्हटलं. त्याची बायको आणि त्याची बहीण.

मारिविक